ओटीपी दिला, पण कुकीचे काय?

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीतला एखादा तरुण सिकलसेलची तपासणी करून घेतो आणि नेटकॅफेच्या संगणकावर अहवाल पाहतो, असे समजू या. मोबाइल क्रमांक टाकला, ओटीपी दिला, अहवाल उघडला. पूर्व विदर्भात हा आजार बराच आढळतो, आणि अहवालातला ‘वाहक’ हा एक शब्द परक्याच्या नजरेस पडला तरी जुळत आलेली सोयरीक मोडू शकते. खरे तर वाहक आजारी नसतो. दोन्ही जोडीदार वाहक असले तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पण एवढे समजून घेण्याइतका धीर बघायला आलेल्या पाहुण्यांना असतोच असे नाही.

म्हणून हा अहवाल कोण उघडू शकतो, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. ओटीपी कोणाला सांगू नये, हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. ओटीपी दिल्यानंतर काय होते, इकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

संकेतस्थळे ज्या एचटीटीपी पद्धतीने चालतात, तिला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक नवे पान मागताना सर्व्हरला आपण अनोळखीच. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी यावर तोड काढली. सर्व्हर ब्राउझरला एक छोटी नोंद देतो आणि ब्राउझर पुढे दर वेळी ती दाखवतो. हीच कुकी. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरसारखी तिची चाल असते. खिडकीवर नाव-गाव एकदाच विचारतात. पुढे एक्स-रे, प्रयोगशाळा, औषधे, सगळीकडे कागद बघून काम होते. ज्याच्या हाती कागद, तोच रुग्ण. त्यामुळे लॉगिन झाल्यावरची कुकी ज्याने पळवली, त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी.

हे किती सोपे होते, ते ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने जगाला दाखवले. त्याने फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचे ‘फायरशीप’ तयार केले. खुल्या वायफायवर बसलेल्या इतरांच्या कुकी ते टिपायचे. यादीतल्या नावावर क्लिक केले की त्या माणसाचे फेसबुक खाते समोर! त्या काळी अनेक मोठ्या संकेतस्थळांवर फक्त पासवर्ड सांकेतिक रूपात जायचा, नंतरची कुकी उघडीच.

याचा उपाय प्रोग्रामरच्या हातात असतो. कोडमध्ये कुकी देतानाच ‘सिक्युअर’ लिहिले, तर ती फक्त सुरक्षित एचटीटीपीएस जोडणीवरूनच जाते. ‘सेमसाइट’मुळे दुसऱ्या संकेतस्थळाने परस्पर पाठवलेल्या मागणीसोबत ती जाण्यावर बंधन येते. तिसरा शब्द ‘एचटीटीपी-ओन्ली’, मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये आणलेला. समजा, संकेतस्थळावरच्या अभिप्रायाच्या चौकटीत कोणी अभिप्रायाऐवजी जावास्क्रिप्टचा तुकडा लिहिला आणि संकेतस्थळाने तो न तपासता छापला. पुढे ते पान जो उघडेल, त्याच्या ब्राउझरमध्ये तो तुकडा चालतो, कुकी वाचतो आणि चोराकडे पाठवतो. एचटीटीपी-ओन्ली असेल तर ती वाचताच येत नाही. तरीही तुकडा त्या पानावर इतर उद्योग करू शकतोच. गोळीने ताप उतरला म्हणजे जंतुसंसर्ग गेला, असे होत नाही. बाहेरून आलेला मजकूर निर्धोक करूनच दाखवावा लागतो.

सर्वाधिक हयगय होते ती लॉगआउटमध्ये. बटण दाबल्यावर ब्राउझरमधली कुकी पुसली जाते, पण अनेकदा सर्व्हरवर तो क्रमांक चालूच राहतो. मग आधी पळवलेली प्रत नंतरही चालते. क्रमांक सर्व्हरवरच रद्द व्हायला हवा, आणि काही वेळ हालचाल नसेल तर आपोआप. नेटकॅफेत नुसती खिडकी बंद करून उठणाऱ्यासाठी तर हे फारच गरजेचे. खिडकी बंद करणे म्हणजे लॉगआउट नव्हे.

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतील एका खासगी प्रयोगशाळेचे हजारो अहवाल, त्यात एचआयव्हीचेही, इंटरनेटवर कोणालाही वाचता येतील असे सापडले होते. तिथे कुकी चोरण्याची गरजच नव्हती, दाराला कुलूपच नव्हते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशा हलगर्जीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. रुग्णालयांनी सॉफ्टवेअर घेताना किमतीसोबत हे तीन शब्दही तपासावेत. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून ‘ॲप्लिकेशन’ विभाग उघडला की तिथे कुकींची यादी आणि प्रत्येकीपुढे या तिन्हींचे रकाने दिसतात. पाहायला दोन मिनिटे लागतात.