हत्यारांचे सोबती

दिवाळी आली की घरातील आजी कपाटातून एक जुना, जाड कागद काढते. त्यावर उदबत्तीच्या विस्तवाने सारख्या अंतरावर भोके पाडलेली असतात. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी फिरविली की ठिपक्यांच्या ओळी क्षणात उमटतात, आणि आठ वर्षांच्या नातीचा हातही आजीच्या हाताइतकाच सरळ चालतो. पुऱ्या सारख्या व्हाव्यात म्हणून सूनबाई वाटीने कापते. मोदकास साचा आहे, चकलीस सोऱ्या आहे. ज्या घरात ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदते, त्याच घरातील पुरुषमंडळी मागील पडवीत सुतारकामास बसली म्हणजे मात्र प्रत्येक फळी नव्याने मोजतात, प्रत्येक भोक अंदाजाने पाडतात, आणि फडताळाची फळी डगमगू लागली की दोष लाकडास देतात!

घरी लहानशी सुतारशाळा असावी ही हौस सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे वाढत आहे, ही गोष्ट अभिनंदनीय होय. परंतु हौसेचा पहिला पैसा बहुधा विजेच्या चकचकीत यंत्रांवर खर्च होतो. आमचे मत असे की, हत्यारे थोडी असली तरी चालतील. त्या हत्यारांस वाट दाखविणारी व लाकडास घट्ट धरून ठेवणारी साधने मात्र प्रथम करावीत. ती बाजारात जाऊन आणावयाची नसून उरल्यासुरल्या तुकड्यांतून आपणच घडवावयाची असतात. इंग्रजी कारागीर अशा साधनास ‘जिग’ म्हणतात. आपल्याकडील सुतार पुष्कळदा ‘फर्मा’ हाच शब्द वापरतात. नाव कोणतेही असो, तत्त्व एकच: एकदा नीट विचार करून काढलेले माप लाकडात साठवून ठेवावे, म्हणजे पुन्हा पुन्हा विचार करण्याचे व चुकण्याचे कारण उरत नाही.

सूत आणि सूत

माधवनगर ही कापडाच्या धंद्याची पेठ. तेथे ‘सूत’ म्हटले की मागावरचा धागा डोळ्यांपुढे येतो. सुताराचे सूत निराळे. त्याच्या लेखी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आठ सुतांचा एक इंच. मागावर एक धागा चुकला तर ठाणभर दिसतो, तसेच एका सुताची चूक कपाटाच्या दारात कायमची दिसत राहते.

या एका सुताचे महत्त्व पाहावयाचे असेल तर माधवनगरहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील किर्लोस्करवाडीचे उदाहरण घ्यावे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी त्या वेळच्या कुंडल रोड स्टेशनाजवळील माळावर कारखाना उभारला आणि तेथून लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले. लोखंडाचा कारखाना म्हटला तरी ओतकामाचा आरंभ लाकडापासूनच होतो. जो भाग ओतावयाचा त्याचा लाकडी फर्मा प्रथम सुतार करतो. तो वाळूत दाबून त्याचा ठसा घेतात व त्या पोकळीत वितळलेला रस ओततात. आता बीड निवताना फुटामागे सुमारे एक सूत आटते. म्हणून फर्मा तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हा हिशेब कोण करणार? ओतशाळेच्या सुताराने त्यावर तोड काढली. त्याची मोजपट्टीच मुळी फुटामागे एका सुताने लांब आखलेली असते! तो नेहमीप्रमाणे मोजतो आणि आटीचा हिशेब पट्टीच सांभाळते. जिग म्हणजे काय हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

आधी काटकोन

साधन चुकीचे झाले तर तीच चूक शंभर वेळा इमानाने उमटते. म्हणून पहिले काम गुण्याच्या परीक्षेचे. सरळ कडेच्या फळीस गुण्या टेकवून एक रेघ ओढावी. मग गुण्या उलटा फिरवून त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे असे समजावे, आणि तो गुण्या दुरुस्त होईपर्यंत बाजूस ठेवावा.

मोठ्या चौकटीस लहान गुण्या पुरत नाही. तेथे आपल्या पूर्वजांची दोरी कामास येते. बौधायन शुल्बसूत्रात आयताच्या कर्णाचा नियम सांगितला असून ३ व ४, ५ व १२, ८ व १५ अशा बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत. एका कडेवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून खुणा कराव्यात. खुणांमधील अंतर बरोबर पाच फूट भरले तर कोपरा काटकोनात आहे. यज्ञवेदीच्या विटा ठराविक आकाराच्या, प्रत्येक थरात दोनशे याप्रमाणे पाच थर रचणाऱ्या लोकांस मापाचा नेमकेपणा ही परकी गोष्ट नव्हती. ती सूत्रे मुखोद्गत करणाऱ्यांच्या वंशजांनी हातात करवत धरण्यास संकोच का करावा, हे आम्हांस उमगत नाही.

चार साधने

पहिले साधन अगदी सोपे. त्यास आपण अटकपाटी म्हणू. सुमारे दहा इंच लांब व सात इंच रुंद फळी घ्यावी. तिच्या एका टोकास वरून आणि दुसऱ्या टोकास खालून दीड इंच रुंदीची एकेक पट्टी स्क्रूने बसवावी. खालची पट्टी बाकाच्या कडेस अडते, वरच्या पट्टीस लाकूड टेकवून डाव्या हाताने दाबावयाचे व उजव्या हाताने कापावयाचे. वरची पट्टी उजवीकडे इंचभर आखूड ठेवावी, म्हणजे करवत लाकडातून सुटल्यावर पाटीवर उतरते, बाकावर नव्हे. हात डावरा असल्यास ती डावीकडे आखूड करावी.

दुसरे, तिरप्या कापाची पेटी. तळास एक फळी, दोन्ही बाजूंस दोन उभ्या फळ्या, आणि त्या फळ्यांत ४५ अंशांच्या खाचा. देवादिकांच्या व वडीलधाऱ्यांच्या तसबिरींना चौकटी करावयाच्या तर हिच्यावाचून गत्यंतर नाही. चार कोपऱ्यांस आठ काप लागतात. प्रत्येक कापात अर्ध्याच अंशाची चूक धरली तरी शेवटच्या कोपऱ्याशी चार अंशांची फट राहते. मग भुसा व सरस भरून ती झाकण्याचे केविलवाणे प्रयत्न सुरू होतात!

तिसरी रंधण्याची पाटी. एका रुंद फळीवर दुसरी अरुंद फळी बसवून पायरी करावयाची आणि वरच्या फळीच्या टोकास काटकोनात एक पट्टी ठोकावयाची. लाकूड वरच्या पायरीवर पट्टीस टेकवून ठेवावे व रंधा आडवा करून खालच्या पायरीवरून सरकवावा. करवतीने राहिलेला खडबडीत शेवट आरशासारखा सपाट होतो. दोन फळ्यांच्या कडा जोडावयाच्या असतील तर एक फळी सुलटी व दुसरी पालथी ठेवून रंधावी. रंधा किंचित तिरका चालला तरी दोन्ही चुका परस्परांस पुरून उरतात आणि जोड सपाट बसतो.

चौथा, भोकांचा फर्मा. पुस्तकांच्या फडताळातील फळ्या खालीवर करता याव्यात म्हणून दोन्ही बाजूंस भोकांच्या रांगा लागतात. एका पट्टीत दोन दोन इंचांवर भोके पाडून घ्यावीत आणि तीच पट्टी चारही रांगांस लावावी. येथे एकच खबरदारी: पट्टीच्या एका टोकावर ‘वर’ असे ठळक लिहून ठेवावे आणि ते टोक प्रत्येक वेळी वरच राहील असे पाहावे. पट्टी एकदा उलटी लागली की चारांपैकी एक रांग चुकते व फळी तीन पायांच्या चौरंगासारखी डुलू लागते. भोक आरपार जाऊ नये म्हणून गिरमिटाच्या पात्यावर लाकडाचा एक भोकाचा ठोकळा ओवावा. तो टेकला की थांबावयाचे.

या सर्वांसाठी बारा मिलिमीटरचे चांगले प्लायवुड किंवा जुन्या वाड्याच्या दारखिडक्यांचे मुरलेले सागवान घ्यावे. आपल्याकडे उन्हाळा कोरडा व पावसाळा दमट. आखे लाकूड त्याप्रमाणे रुंदीत फुगते व आक्रसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. प्लायवुडचे थर एकाआड एक आडवे-उभे असल्याने ते एकमेकांस आवरून धरतात. पट्ट्या प्रथम स्क्रूनेच बसवाव्यात. काप तपासून खात्री झाली म्हणजे मग सरस लावावा.

बोटे अमोल आहेत

घरात विजेची गोल करवत असेल तर दोन साधने ऐच्छिक नसून अनिवार्य होत. एक, ढकलकाठी: निदान दीड फूट लांबीची व टोकास खाच असलेली. लाकडाचा शेवटचा भाग हिनेच पुढे सारावा; हात पात्याजवळ जाताच कामा नये. दुसरी, लाकडी फणी: फळीचे टोक ३० अंशांनी तिरके कापून त्यात सुमारे दोन दोन सुतांवर समांतर चिरा पाडल्या की लवचीक दात होतात. ही फणी पात्याच्या अलीकडे, लाकडाच्या बाजूस, क्लॅम्पने आवळावी. दात लाकडास पुढे जाऊ देतात, मागे उसळू देत नाहीत. पात्याच्या शेजारी वा पलीकडे ती लावू नये. तेथे ती काप दाबून पात्यास जखडते.

करवतीवरील संरक्षक झाकण काढू नये. सैल बाह्या, उपरणे, ओढणी वा पदर यंत्राजवळ नको. हातमोजेही नकोत, कारण पाते त्यांस धरून हात आत ओढते. डोळ्यांवर चष्मा व नाकावर चांगला मुखपट्टा असावा. लाकडाच्या बारीक भुशाने कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केले आहे. तेव्हा ज्या पडवीत लहान मुले निजतात वा धान्य निवडले जाते, तेथे रंधण्याचे काम करू नये.

जेथे फर्मा थांबतो

साधनांचे इतके गुणगान केल्यावर त्यांची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. सांगलीच्या शेजारी मिरजेस एकोणिसाव्या शतकापासून सतार व तंबोरे घडविले जातात. फरीदसाहेब शिकलगार यांच्या घराण्याने, शस्त्रांस धार लावण्याचा पिढीजात धंदा मागे टाकून, ही कला तेथे रुजविली. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. या वाद्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतो आणि कोणतेही दोन भोपळे सारखे नसतात. म्हणून कारागीर हातातील भोपळ्याचा घेर पाहून गळा व तबली त्यास जुळवून घेतो, आणि जवारी तर कानानेच लावतो. जेथे प्रत्येक वस्तू निराळी, तेथे फर्मा मुका होतो व अनुभव बोलू लागतो. तो अनुभव पुस्तकातून मिळत नाही. जवळच्या सुताराच्या दुकानी बसून, त्यास मान देऊन, तो पटाशीस धार कशी लावतो हे पाहिल्याने मिळतो.

मग गृहस्थाने फर्मे का करावेत? कारण त्याला आयुष्यभराचा सराव मिळणार नाही आणि घरातील सर्वांस कामात सामील करून घ्यावयाचे आहे. स्वीडनमध्ये ओटो सालोमन यांनी १८७५ पासून नेस येथे शिक्षकांस लाकूडकाम शिकविले ते सुतार निर्माण व्हावेत म्हणून नव्हे, तर मुलांच्या हातास व डोळ्यास शिस्त लागावी म्हणून. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मूलोद्योगी शिक्षणाचा विचार झाला त्याच्याही मुळाशी हीच दृष्टी होती. एकत्र कुटुंबात तर याचा लाभ दुहेरी. नजर मंद झालेल्या आजोबांचाही काप अटकपाटीवर सरळ जातो. बारा वर्षांची मुलगी फर्मा लावून काकांच्या बरोबरीने फडताळाची भोके पाडते. कौशल्य कमी असणाऱ्यास कामातून हाकलून न देता त्यास हात देणारे हे साधन आहे.

प्रत्येक साधनावर त्याचा उपयोग, माप आणि केल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ते भिंतीवरील खुंटीस टांगावे. आरंभ अटकपाटीपासून करावा. एक फळी, दोन पट्ट्या व चार स्क्रू एवढीच तिची सामग्री, आणि एका दुपारचे काम. पुढील सर्व साधने तिच्यावरच कापून तयार होतील.