पायातली कमान

जबलपूरच्या जुन्या शहरात, बडा फुहाऱ्याच्या गजबजलेल्या बाजारपेठेत उभे असलेले कमानिया गेट हे मार्च १९३९ मध्ये शहराजवळच्या त्रिपुरी येथे भरलेल्या आणि सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीमुळे गाजलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक आहे. त्याच्या नावातील ‘कमान’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ धनुष्य असा आहे. मराठीतील तीरकमान या जोडशब्दात तो अर्थ आजही शाबूत आहे. वास्तूची कमान स्थिर राहून भार पेलते, तर धनुष्य वाकून बळ साठवते आणि वेळ येताच ते परत देते. मानवी पाऊल या दोन्ही अर्थांनी कमान आहे. कारखान्यातील कामासाठी किंवा रानवाटांसाठी बूट निवडताना होणाऱ्या पुष्कळशा चुकांचे मूळ मात्र या दुसऱ्या अर्थाच्या विस्मरणात असते, कारण जाड आणि ताठ तेच टिकाऊ, असा समज सर्वत्र रूढ आहे.

प्रत्येक पावलात २६ हाडे असतात आणि टाचेपासून चवड्यापर्यंत त्यांची जी कमान बनते, तिच्या दोन टोकांना तळपायातील एक चिवट तंतुमय पट्टी धनुष्याच्या दोरीसारखी बांधून ठेवते. ब्रिटिश संशोधक जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले, की टाच उचलली जाऊन बोटे वर वळली म्हणजे ही पट्टी बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांभोवती, रहाटावर दोर गुंडाळला जावा तशी ताणली जाते. त्यामुळे कमान उंचावते आणि एरवी लवचिक असलेले पाऊल जमिनीला रेटा देण्यापुरते तरफेसारखे ताठ होते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, धावताना प्रत्येक पावली शरीराच्या हालचालीत जी यांत्रिक ऊर्जा खर्ची पडते व पुन्हा मिळते, तिच्यापैकी सुमारे १७ टक्के ऊर्जा ही कमान स्प्रिंगप्रमाणे साठवते.

यावरून चांगल्या बुटाची पहिली कसोटी निघते: बूट जिथे पाऊल वाकते तिथेच, म्हणजे बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. टाच एका हातात आणि पुढचे टोक दुसऱ्या हातात धरून दाब दिला असता बूट मध्यभागी दुमडला, तर कमानीखाली आधार देणारी धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी, जिला शँक म्हणतात, ती त्यात नाही किंवा ती कमकुवत आहे असे समजावे. शिडीच्या पायरीवर उभे राहणाऱ्या किंवा फावड्यावर पाय देणाऱ्या माणसाला अशा बुटात सारा भार तळपायाच्या मऊ भागावर घ्यावा लागतो. उलट जो बूट चवड्यापाशीही वाकत नाही, तो पायातील रहाट फिरूच देत नाही आणि दिवसाअखेर पोटऱ्या भरून येतात.

दुसरी कसोटी मापाची. भारतात प्रचलित असलेली ब्रिटिश मापपद्धती एका मापातून पुढच्या मापात जाताना बुटाचा साचा एक तृतीयांश इंचाने, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने लांबवते. रुंदीचा उल्लेख मात्र डब्यावर बहुधा नसतो. १९४८ पासून चेन्नईत कार्यरत असलेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पावलांची मोजणी करून ‘भा’ ही भारतीय मापपद्धती सुचवली, ती याच उणिवेमुळे. भारतीय पाऊल सामान्यतः अधिक रुंद असल्याचे त्या मोजणीत आढळले. रुंदी पुरत नाही म्हणून एक माप मोठा बूट घेतला, तर टाच आत सरकत राहते आणि चवड्याचे दुखणे टाचेकडे जाते. बूट चावतो असे ज्याला म्हटले जाते, ते प्रत्यक्षात नुसते घासणे नसून त्वचेचे थर एकमेकांवर ओढले जाऊन त्यांच्यात फट पडणे व तीत द्रव साठणे असते. घामाने त्वचा ओलसर झाली की घर्षण वाढते आणि फोड लवकर येतो. म्हणून बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, कामावर वापरायच्या मोज्यांसह आणि दोन्ही पायांत घालून पाहावा, पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडावी आणि टाच मात्र घट्ट बसते आहे याची खात्री करावी.

तिसरी कसोटी कामाच्या स्वरूपावरून ठरते. जबलपूर हे १९०४ पासून तोफगाडे बनवणाऱ्या कारखान्याचे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभ्या राहिलेल्या खमरियाच्या दारूगोळा कारखान्याचे आणि १९६९ पासून लष्करी वाहने बांधणाऱ्या कारखान्याचे शहर आहे, आणि जड वस्तू, तेल व स्फोटके ही पावलाला असलेल्या धोक्यांची तीन ठळक रूपे आहेत. भारतीय मानक आय. एस. १५२९८ च्या दुसऱ्या भागानुसार सुरक्षा बुटाच्या टोकातील कवचाने २०० ज्यूल ऊर्जेचा आघात सोसला पाहिजे. हा आघात सुमारे २० किलो वजन एक मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो. तेलकट जमिनीसाठी नायट्राइल रबराचा तळ उपयोगी पडतो, कारण त्याची रेणुरचना तेल शोषून फुगत नाही. ज्वालाग्राही बाष्प असलेल्या जागी शरीरावर साठलेला स्थिर विद्युतभार ठिणगी न पाडता हळूहळू जमिनीत उतरवणारा, मोजून ठरवलेल्या विद्युतरोधाचा तळ लागतो, तर जिवंत तारांवर काम करणाऱ्याला याच्या उलट, वीज अडवणारा तळ हवा असतो. त्यामुळे ‘सुरक्षा बूट’ एवढाच शब्द वाचून केलेली खरेदी अपुरी ठरते. अनावश्यक संरक्षणाचीही किंमत मोजावी लागते, कारण पावलावरील एक किलो वजन वाहण्यास पाठीवरील पाच-सहा किलो वजनाइतके श्रम पडतात. पाय प्रत्येक पावली नव्याने उचलून पुढे झोकावा लागतो, पाठीला तसे करावे लागत नाही.

शहराबाहेर प्रश्न बदलतो. मदन महालच्या टेकडीवरील खरबरीत ग्रॅनाइटवर जवळजवळ कोणताही रबरी तळ पकड घेतो. भेडाघाटच्या, पाण्याने गुळगुळीत झालेल्या संगमरवरावर मात्र पाण्याचा पातळ थर तळ आणि दगड यांच्यामध्ये अडकतो आणि पाऊल त्या थरावर घसरते. तळावरील खाचा हे पाणी बाहेर काढून देण्यासाठी असतात, पण पकड शेवटी दगडाला टेकणाऱ्या रबराच्या मऊपणावर अवलंबून असते. मऊ रबर लवकर झिजते आणि कठीण रबर अधिक घसरते, म्हणून टिकाऊपणा आणि पकड यांच्यात वापरणाऱ्याला निवड करावीच लागते. काळ्या मातीच्या शेतवाटांवर खाचा रुंद आणि विरळ असाव्यात, अन्यथा त्या चिखलाने भरतात आणि निरुपयोगी होतात.

बुटाच्या वरच्या भागासाठी कमावलेले कातडे अजूनही मानाचे स्थान टिकवून आहे, आणि या कथेत जबलपूरचा वाटा मोठा आहे. कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू टॅनिन नावाच्या वनस्पतिज द्रव्यांसारख्या पदार्थांनी एकमेकांशी बांधून ते कुजण्यापासून वाचवणे, याला कातडे कमावणे म्हणतात. हिरड्याच्या फळात टॅनिनचे प्रमाण भरपूर असल्याने ब्रिटिश काळात ते विलायतेतील चर्मोद्योगाकडे रवाना होत असे आणि तिथल्या व्यापारात त्याच्या प्रती गावांच्या नावांनी ओळखल्या जात: एक होती जबलपूरच्या नावाची ‘जुब्बलपोर’, तर दुसरी कोकणातील वेंगुर्ल्याची ‘विंगोर्ला’. आज बहुतेक बुटांचे कातडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. कच्चे ओले कातडे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आक्रसते, वनस्पतींनी कमावलेले साधारण ७० ते ८५ अंशांना, तर क्रोमियमने कमावलेले १०० अंशांच्या आसपास टिकून राहते. पावसात भिजलेला बूट चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवू नये, या जुन्या सल्ल्यामागे हेच शास्त्र आहे. आत वर्तमानपत्र कोंबून तो सावलीत वाळवावा.

बुटाच्या आयुष्याचा खरा निकाल मात्र वरचा भाग आणि तळ यांच्या जोडावर लागतो. हलक्या सुरक्षा बुटांचा तळ अनेकदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्याच्या काही प्रकारांत हवेतील बाष्पामुळे रेणूंच्या साखळ्या तुटत जातात; म्हणून कपाटात जपून ठेवलेला, जवळजवळ न वापरलेला बूट चार-सहा पावसाळ्यांनंतर अचानक भुगा होऊन तुटतो. असा बूट ठेवणीतला समजून साठवण्यात अर्थ नाही. वेल्ट म्हणजे कडेने फिरवलेली कातडी पट्टी; तिच्यावर तळ शिवलेला असेल, तर झिजलेला तळ उसवून आरी-दोऱ्याने नवा बसवता येतो आणि पायाच्या आकारात मुरलेला वरचा भाग वर्षानुवर्षे चालतो. तसा बूट सुरुवातीला महाग आणि जड असतो. ज्याच्या गावात तळ बदलून देणारा कसबी मोची आहे, त्यालाच तो परवडतो.

कोणत्याही जोडीला लागू पडणारी एक गोष्ट धनुर्धारी फार पूर्वीपासून जाणत आले आहेत: काम संपल्यावर ते धनुष्याची दोरी उतरवून ठेवतात, कारण सतत ताणलेले लाकूड आपली लवचिकता गमावते. पावलातून दिवसभर झिरपलेला घाम कातड्यातून पूर्ण निघून जाण्यास एक रात्र बहुधा पुरत नाही, म्हणून दोन जोड्या आलटून पालटून वापरणाऱ्याच्या दोन्ही जोड्या, एकामागून एक झिजवलेल्या दोन जोड्यांपेक्षा अधिक काळ टिकतात, आणि पायातल्या कमानीलाही घरी अनवाणी चालताना दोरी सैल करण्याची उसंत मिळते.