दात असलेला पाणबुड्या पक्षी: चित्र बघताना काय तपासायचं?

आजचा पक्षी जरा वेगळा आहे. त्याला दात होते, पण उडता येत नव्हतं. नाव हेस्परॉर्निस. साधारण ८ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र होता. त्यात हा जवळजवळ माणसाएवढा लांब पक्षी बुड्या मारून मासे पकडायचा. तो समुद्र आता नाही, पण कॅन्सस राज्यातल्या खडूच्या थरांमध्ये याची हाडं मिळतात.

ओथनिएल मार्श यांनी १८७२ मध्ये याला नाव दिलं. १८८० मध्ये दातवाल्या पक्ष्यांवर त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यात हेस्परॉर्निसचा सांगाडा दोन पायांवर ताठ उभा दाखवला होता. मग १९०१ मध्ये फ्रेडरिक ल्यूकस यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं, की याचे पाय होडीच्या वल्ह्यांसारखे बाजूला निघालेले होते. म्हणजे हाडं तीच, पण चित्र पार बदललं!

मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे असं दिसतं: हाडं म्हणजे डेटा आणि चित्र म्हणजे त्यावरून काढलेलं आउटपुट. मधलं लॉजिक बदललं की आउटपुट बदलणारच. पण जुनं व्हर्जन इंटरनेटवरून डिलीट होत नाही ना! म्हणून आजही इमेज सर्च केलं, की पेंग्विनसारखा उभा हेस्परॉर्निस दिसू शकतो.

मग चित्र समोर आल्यावर झूम करून तीन गोष्टी बघा.

एक, पाय. मांडीचं हाड आखूड होतं आणि शरीरात दबलेलं होतं. पाय अगदी मागे होते. पोहायला हे झकास, पण जमिनीवर हाल. तो पोटावर घसरत पुढे जात असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

दोन, बोटं. आपल्या तळ्यांवर दिसणारी टिबुकली आठवा. तिच्या बोटांमध्ये बदकासारखा सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगळी चपटी झालर असते. हेस्परॉर्निसचं बाहेरचं बोट सगळ्यात दणकट होतं आणि सांध्यांची ठेवण टिबुकलीच्या जातकुळीशी जुळते. म्हणून झालरवाली बोटं जास्त पटतात.

तीन, दात. खालच्या जबड्यात ते होते, पण वरच्या चोचीच्या टोकाला नव्हते. सगळीकडे दात दिसले, तर चित्रकाराने मगर काढलीय समजा!

आणि पंख? नावापुरतं एक बारीक हाड उरलं होतं, बस. पिसांचे रंग मात्र हाडांवरून कळत नाहीत. ते चित्रकार आजच्या पाणपक्ष्यांकडून उसने घेतो, आणि त्यात गैर काही नाही.

एवढंच लक्षात ठेवा: प्राचीन प्राण्याचं चित्र म्हणजे फोटो नव्हे, तो एक दावा असतो. त्यामागचं हाड कुठलं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. ऐकत राहा, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!