ओहोटीच्या डबक्यातून धानाच्या बांधीत

रायपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही छत्तीसगढ, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातील धान उत्पादकांच्या परिचयाचे कारटॅप हायड्रोक्लोराइड हे कीटकनाशक मूळचे समुद्रकिनाऱ्यावरील एका कृमीचे देणे आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीचे पाणी सर्वाधिक मागे हटते आणि रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर खळग्यांतून डबकी उरतात. उन्हाने हे पाणी तापते, खारटपणा वाढतो. पावसाची सर आली की तो एकाएकी घटतो. अशा ठिकाणी खडकाला चिकटलेली कालवे, रिकाम्या शंखात देह लपविणारा खेकडा आणि स्पर्श होताच मिटणारे समुद्रफूल (हा प्राणीच होय) तग धरून असतात. जमिनीवर सर्वत्र आढळणारे कीटक मात्र समुद्रात जवळजवळ नाहीत. तेथे त्यांची जागा खेकडा-कोळंबीसारख्या कवचधारी नातलगांनी घेतली आहे.

कोठे पळता न येणाऱ्या अशा अनेक जीवांचे संरक्षण त्यांच्या शरीरातील विषावर अवलंबून असते. किनाऱ्याच्या वाळूत राहणारा लुम्ब्रिकोनेरिस हेटेरोपोडा हा कृमी जपानमध्ये गळाला आमिष म्हणून लावीत. मेलेल्या कृमीवर बसणाऱ्या माश्या मरतात, हे गळ टाकणाऱ्यांच्या ध्यानात आले होते. 1934 मध्ये नित्ता यांनी त्यातील विष वेगळे केले. त्यास नेराइस्टॉक्सिन म्हणतात. 1962 मध्ये त्याची रचना उलगडली आणि त्याच दशकात ताकेदा कंपनीने त्या धर्तीवर कारटॅप तयार केले. किडीच्या शरीरात कारटॅपचे पुन्हा नेराइस्टॉक्सिन होते. ते मज्जातंतूंतील संदेशवहन रोखते. अळी लुळी पडते, खाणे थांबते आणि ती उपाशी मरते.

‘समुद्रातून आले, म्हणजे निर्धोक’ असा समज काही ठिकाणी कानी येतो. तो चुकीचा आहे. ज्या ग्राही प्रथिनांवर हे विष कार्य करते, ती खोडकिड्यापुरती मर्यादित नाहीत. धानाची बांधी हेही एक डबकेच आहे: चतुराची पाणअळी, पाणढेकूण, लहान मासे त्यात वाढतात आणि त्यांतील कित्येक किडी खातात. कारटॅप माशांना विषारी आहे. रेशीम अळ्यांना तर अत्यंत विषारी. ऐन-अर्जुनावर टसर पाळणाऱ्या गावांत ही बाब विशेष गंभीर होय.

म्हणून वेळापत्रक पाहून दाणे फेकण्याची रूढी सोडावी. गाभेमर सुमारे 5 टक्के झाली, अथवा चौरस मीटरमागे खोडकिड्याचा एक अंडीपुंज दिसला, तरच 4 टक्के दाणेदार कारटॅप हेक्टरी 18.75 ते 25 किलो वापरावे. त्या वेळी बांधीत उथळ पाणी असावे, बांध फुटका नसावा आणि ते पाणी पुढील काही दिवस तळ्याकडे अथवा शेजारच्या बांधीत सोडू नये.