मिनारावरची लाइट फडफडते? बोर्ड बदलण्याआधी वायर बघा

ईद-ए-मिलाद जवळ आली की मोहल्ल्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. चंद्याची पावती पुस्तकं निघतात आणि लाइटिंगवाली पोरं मस्जिदीच्या गच्चीवर चढतात. पूर्वी रंगीत बल्बांच्या माळा आणि दोन-चार हॅलोजन लावले की काम झालं. आता कमानीवर आणि मिनारावर पिक्सेल लाइट आल्या आहेत. पिक्सेल म्हणजे असा दिवा ज्याच्या आत एक छोटी चिप असते, आणि माळेतल्या प्रत्येक दिव्याला वेगळा रंग सांगता येतो. त्यामुळे कमानीवर चांद-तारा सरकताना दिसतो, मिनारावर हिरवा रंग खालून वर चढत जातो. बघायला फार छान वाटतं. पण कमिटीचे पैसे आणि पोरांच्या रात्री ज्यात वाया जातात, तो भागही इथंच सुरू होतो. खाली टेबलावर सगळं नीट चालतं आणि वर मिनारावर नेलं की लाइट वेड्यासारखी फडफडते.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आपल्याकडे बहुतेक माळांत डब्ल्यूएस-२८११ नावाची चिप असते. तिला रंग सांगायला एकच डेटा वायर असते आणि त्या वायरीवरून सेकंदाला ८ लाख या वेगाने शून्य-एक, शून्य-एक असे इशारे जातात. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा मिळून २४ इशारे लागतात, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. पहिला पिक्सेल आपले २४ इशारे ठेवून घेतो आणि बाकीचे ताजे करून पुढच्याला देतो. म्हणून पिक्सेल ते पिक्सेल कितीही लांब माळ चालते. अडचण असते ती कंट्रोलरपासून पहिल्या पिक्सेलपर्यंतच्या वायरीची. ती तीन-चार मीटर असेल तर ठीक. पण डबा मस्जिदीच्या ऑफिसात आणि कमान रस्त्याच्या तोंडाशी साठ मीटरवर असेल, तर मधल्या वायरीत इशाऱ्यांच्या कडा बोथट होतात, शेजारच्या वायरींची खरखर त्यात मिसळते, आणि पिक्सेलला एक आणि शून्य यातला फरक कळत नाही. मग तो मनाला येईल तो रंग दाखवतो.

यावर उपाय म्हणजे लाँग रेंज रिसीव्हर. त्यात दोन बोर्ड असतात. कंट्रोलरजवळचा बोर्ड एका इशाऱ्याच्या दोन प्रती करतो, एक सुलटी आणि एक उलटी, आणि त्या पीळ दिलेल्या दोन वायरींवरून पाठवतो. दूरचा रिसीव्हर या दोघांमधला फरक तेवढा बघतो. वाटेत जी खरखर मिसळली ती दोन्ही वायरींत सारखीच आलेली असते, त्यामुळे वजाबाकीत ती निघून जाते. ही युक्ती नवी नाही. कारखान्यांत आरएस-४८५ या नावाने ती १९८३ पासून वापरात आहे, आणि स्टेज लाइटिंगचं डीएमएक्सही तिच्यावरच चालतं.

पिक्सेलसाठीचे असे तयार बोर्ड आले ते मुख्यतः अमेरिकेतल्या ख्रिसमस लाइटिंगच्या शौकिनांमुळे. तिथं लोक आपल्या घराला आणि अंगणाला हजारो पिक्सेल लावून गाण्याच्या तालावर नाचवतात. अंगणं मोठी, झाडं दूर, म्हणून त्यांना लांब पल्ल्याची गरज पडली. फाल्कन, कल्प या नावांचे बोर्ड आणि एक्सलाइट्स, फाल्कन प्लेअर ही मोफत सॉफ्टवेअर त्याच दुनियेतली आहेत. ही सॉफ्टवेअर कुणीही उतरवून घेऊ शकतो. आपल्याकडे मंडपवाल्यांकडे मेमरी कार्डवर चालणारे टी-१००० सारखे डबे जास्त दिसतात. त्यांना लाँग रेंजचं सॉकेट नसतं, पण त्यांच्यासाठी सिग्नल बदलून देणाऱ्या छोट्या मोड्यूलची जोडी मिळते. एक डब्याजवळ, एक माळेजवळ. तत्त्व तेच.

जोडणी तशी सरळ आहे. कंट्रोलरच्या लाँग रेंज सॉकेटमधून कॅट-५ किंवा कॅट-६ केबल काढायची, म्हणजे इंटरनेटला वापरतो तीच, आणि ती रिसीव्हरला लावायची. केबलमध्ये चार जोड्या असतात, म्हणून एका केबलवर चार पोर्ट मिळतात. साठ-सत्तर मीटरपर्यंत चांगल्या केबलवर काम निर्धास्त चालतं. रिसीव्हरपासून पहिला पिक्सेल मात्र पुन्हा जवळच हवा. रिसीव्हर खाली ठेवून वर दहा मीटर साधी वायर सोडली तर खर्च केला काय आणि न केला काय, सारखंच.

एक इशारा इथंच देतो. सॉकेट इंटरनेटसारखं दिसतं म्हणून ही केबल राउटरला किंवा स्विचला लावू नका. आतले सिग्नल वेगळे असतात, दोन्हीकडचं काही ना काही जळू शकतं. घाईत हे फार सहज होतं. आम्ही आता लाँग रेंजच्या दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळतो.

आता आमच्याच मोहल्ल्यातली गोष्ट. मिनारासाठी रिसीव्हर वर जिन्यात ठेवला होता, केबल साधारण पंचेचाळीस मीटर. चालू केलं तर पहिला आणि चौथा पोर्ट एकदम स्वच्छ, दुसरा आणि तिसरा फडफडतोय. आम्ही म्हटलं बोर्डाचे दोन पोर्ट गेले. दुसरा रिसीव्हर लावला, तेच. कंट्रोलरकडचा बोर्ड बदलला, तेच. एक भाई म्हणाले माळ खराब आहे, म्हणून माळा अदलाबदल केल्या. फडफड पोर्टालाच चिकटून, माळेला नाही. केबल टेस्टर लावला तर आठही दिवे एका मागोमाग एक बरोबर पेटले. म्हणजे केबल पास! दोन रात्री गेल्या आणि एक जादा रिसीव्हर मागवण्याचे पैसेही गेले.

शेवटी एका नेटवर्कचं काम करणाऱ्या चाचांनी प्लग हातात घेतला आणि हसले. केबल क्रिम्प करणाऱ्या पोराने रंग दिसायला सुंदर लावले होते. नारिंगीची जोडी, मग हिरवीची, मग निळीची, मग तपकिरीची. दोन्ही टोकांना तसंच. टेस्टर फक्त एक नंबर एकला आणि दोन नंबर दोनला पोचतोय का एवढंच बघतो, म्हणून तो खूश. पण सॉकेटमधल्या जोड्या अशा असतात: १ आणि २, ३ आणि ६, ४ आणि ५, ७ आणि ८. आमच्या केबलमध्ये १-२ आणि ७-८ योगायोगाने एकाच पिळातल्या आल्या, म्हणून ते दोन पोर्ट चालले. ३-६ आणि ४-५ मात्र फुटल्या. एक वायर हिरव्या पिळातली आणि तिची जोडीदार निळ्या पिळातली. पीळच नाही, तर खरखर दोघींत सारखी येणार कशी आणि वजाबाकीत जाणार कशी? वर दोन पोर्ट एकमेकांच्या गळ्यात पडले. दोन मीटरच्या केबलवर हे खपून जातं, पंचेचाळीस मीटरवर नाही.

बरोबर क्रम पाठ करून ठेवा: सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवी, निळी, सफेद-निळी, हिरवी, सफेद-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. आम्ही दोन्ही प्लग कापले, पुन्हा क्रिम्प केले, आणि दहा मिनिटांत चारही पोर्ट शांत झाले.

तेव्हापासून आमचा नियम असा आहे की लाइट फडफडली तर आधी रिसीव्हर खाली आणायचा आणि कंट्रोलरशेजारी ठेवून बाजारातल्या तयार एक मीटरच्या पॅच कॉर्डने जोडायचा. नीट चालला तर दोष केबलमध्ये आहे, विषय संपला. तरीही फडफडला तर पोर्ट अदलाबदल करा, मग माळ. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय सुधारलं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि मग वर्षभर वाद. केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल भरपूर आहे. ती वळवताना आत तुटते आणि लांब पल्ल्यावर दगा देते.

काही लक्षणं बघूनच ओळखता येतात. माळ पन्नासाव्या दिव्यापर्यंत ठीक आणि पुढं अंधार किंवा गोंधळ असेल, तर रिसीव्हरला हात लावू नका. दोष पन्नासाव्याच्या बाहेर पडणाऱ्या टोकात किंवा एक्कावन्नाव्याच्या आत जाणाऱ्या टोकात आहे. आधी एक्कावन्नावा काढून बघा, नाहीतर पन्नासावा. पूर्ण माळच अंधारात असेल तर ती उलटी तर लावली नाही ना बघा. डेटा एकाच बाजूने आत जातो. लाल मागितला आणि हिरवा आला तर तो बिघाड नाही, सेटिंगमधला रंगांचा क्रम बदला. पांढरा रंग माळेच्या शेवटाला लालसर-पिवळा पडत असेल तर सिग्नल ठीक आहे, व्होल्टेज कमी पडतंय. तिथं मध्ये किंवा शेवटी पुन्हा पॉवर जोडावी लागते.

पॉवरचा हिशोबही आधीच करा. ५ व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. तीनशे पिक्सेल म्हणजे १८ अँपिअर. एवढा करंट ५ व्होल्टवर खालून वर बारीक वायरीने जाणार नाही, म्हणून एसएमपीएस वर रिसीव्हरजवळच लागतो. ब्राइटनेस ३० टक्क्यांवर ठेवा, रात्री तेवढी पुष्कळ दिसते आणि करंटही जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो. पिक्सेलच्या माळेचा मायनस रिसीव्हरच्या मायनसला जोडलेला असलाच पाहिजे. ही एक वायर विसरली तर बाकी सगळं बरोबर असूनही लाइट नाचते.

कमान आणि मिनार दोन्ही एकाच केबलवर घ्यायचे असतील तर स्मार्ट रिसीव्हर मिळतात. एकातून दुसऱ्यात केबल जाते आणि प्रत्येकाला डायलवर ए, बी, सी असं नाव द्यावं लागतं. दोघांना चुकून ए दिलं तर दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. साखळीतल्या शेवटच्या रिसीव्हरला टर्मिनेटर लागतो, तो नसेल तर सिग्नल टोकाला आपटून परत येतो. आणि पिक्सेलची मर्यादा वाटून घ्यावी लागते. सेकंदाला ४० चित्रं हवीत तर एका पोर्टवर साधारण ८३० पिक्सेलच बसतात, मग ते एका रिसीव्हरवर लावा की तिघांत वाटा.

आता पावसाचं. आपला महिना चांदवर चालतो, त्यामुळे ईद-ए-मिलाद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये ती २८ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये ५ सप्टेंबरला. म्हणजे आता काही वर्षं भर पावसात. शिवाय विसर्जनाच्या तारखा जवळ आल्यामुळे या वर्षांत मुंबईसह अनेक ठिकाणी जुलूस पुढं ढकलले गेले, आणि लाइटिंग जास्त दिवस पाण्यात राहिली. केबलच्या प्लगमध्ये पाणी गेलं की पितळी पट्ट्या हिरव्या पडतात आणि पहिल्या दिवशी चाललेला पोर्ट चौथ्या दिवशी रुसतो. डब्याला वायरींची भोकं फक्त खालच्या बाजूला पाडा. वायर डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून गळेल, आत जाणार नाही. डबा पूर्ण बंद करून टाकू नका, आतली वाफ बाहेर पडायला खाली एक बारीक भोक ठेवा.

एसएमपीएस वर गेला म्हणजे २३० व्होल्टही वर गेले, हे विसरून चालणार नाही. तो जिन्याच्या आत कोरड्या जागी ठेवा, अर्थिंग खरोखर जोडा, आणि खाली ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. लाइटिंगसाठी आकडा टाकू नका, तात्पुरती जोडणी घ्या. २०२२ साली उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात बारावफातच्या जुलूसमध्ये गाडीवरचा लोखंडी पाइप हायटेन्शन तारेला लागून सहा जण गेले. कमानीचे पाइप उभे करताना आधी वर बघा. पाऊस चालू असताना किंवा वीज कडाडत असताना मिनारावर कुणालाही चढवू नका, भले अख्खी कमान अंधारात राहो. वीज चमकायला लागली की लाँग रेंजची केबल दोन्हीकडून काढून ठेवणं चांगलं. लांब केबलवर जवळच्या विजेचा झटका येतो आणि रिसीव्हरची चिप सर्वात आधी मरते. एक जादा रिसीव्हर कपाटात ठेवा, आमचा तो दुसरा आता याच कामाला आहे.

उतरवताना प्रत्येक केबलला कागदी लेबल लावून त्यावर लांबी आणि कुठून कुठे ते लिहा. केबल हाताच्या कोपरावर आवळून गुंडाळू नका, मोठी सैल वेटोळी करा. आणि ज्या केबलने यंदा त्रास दिला तिचे प्लग तिथल्या तिथे कापून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी तीच पुन्हा मिनारावर चढते.