पेट की पोट?

रात्री दहाला ऑफिसातून घरी येणाऱ्या माणसाने पाळावं तरी काय? कुत्रा दारातच हिशेब मागतो. मांजर रुसून बसतं. फिश टँक साफ करण्यात अख्खा रविवार जातो. यावर अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या फ्लॅटवाल्यांनी एक हटके तोडगा काढलाय. हा रूममेट भुंकत नाही, चपला चावत नाही, फिरायला चल म्हणून मागे लागत नाही. ओल्या मातीत रुतून डोळे तेवढे बाहेर काढून बसतो. नाव? पॅकमॅन फ्रॉग, म्हणजे शिंगवाला बेडूक.

१९८० साली जपानच्या नामको कंपनीने आणलेला, दिसेल ते गिळत सुटणारा तो पिवळा गोळा आठवतोय? त्याच्यावरूनच हे नाव पडलं. या बेडकाचं तोंड जवळपास अंगाएवढंच रुंद असतं. बाकी सगळं पोट! शिंगं मात्र नावापुरती, डोळ्यांवरची कातडीची टोकं. मूळ गाव दक्षिण अमेरिका. पाळले जातात ते मुख्यतः दोन प्रकार. एक अर्जेंटिनाच्या पंपास गवताळ प्रदेशातला, दुसरा अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया भागातल्या चाको प्रदेशातला. मादी मोठी, चांगली बशीएवढी होते. नर तिच्यापेक्षा लहान.

एक घाव, एक घास

हा शिकारीमागे धावत नाही. शिकारच समोरून जाण्याची वाट बघतो. किडे, सरडे, उंदीर आणि हो, दुसरे बेडूकसुद्धा! जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली त्याच्या जिभेचा चिकटपणा मोजला. बेडकाच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त वजन ती ओढू शकते. २०१७ साली दुसऱ्या एका अभ्यासात चावा मोजला गेला. छोट्या बेडकाचाही जोर ३० न्यूटन निघाला. म्हणजे बोटावर साधारण ३ किलो वजन दाबल्यासारखं.

अर्जेंटिनात त्याला ‘एस्कुएर्सो’ म्हणतात. याच्या चाव्याने घोडासुद्धा मरतो, असा तिथल्या गावांमध्ये जुना समज आहे. खरं तर त्याच्या चाव्यात विष अजिबात नाही. पण भीतीपोटी लोक त्याला मारतात. त्यात गवताळ जमिनीवर शेती पसरत गेली. पंपासमधल्या जातीची नोंद आज धोक्याच्या उंबरठ्यावरची म्हणून आहे. त्यामुळे पाळायचाच तर पिंजऱ्यात पैदास झालेलाच घ्यावा, जंगलातून पकडलेला नको.

खाण्याचा शो

मित्र जमले की ‘ए, त्याला काहीतरी खायला टाक ना’ अशी फर्माईश ठरलेली. झडप बघायला धमाल येते, मोबाइल लगेच बाहेर निघतात. आणि इथेच लोचा होतो. या बेडकाला ‘पुरे’ म्हणता येत नाही. जंगलात पुढचं जेवण कधी मिळेल याची खात्री नसते, म्हणून मिळेल ते गिळायचं हा त्याचा फंडा. घरात मात्र रोज ताट वाढलेलं. परिणाम लठ्ठपणा. उंदीर तर क्वचितच द्यावा, चरबी त्यातूनच वाढते. पूर्ण वाढलेल्या बेडकाला आठवड्या-दहा दिवसांतून एक भरपेट जेवण पुरतं. पिल्लांना दिवसाआड.

घर थाटताना

- साधारण ४० लिटरचा टँक पुरतो. बेडूक मात्र एकच ठेवा. दोन ठेवलेत तर एकच उरेल.
- खाली रुतता येईल इतका कोकोपीटचा जाड, ओलसर थर.
- तापमान २४ ते २८ अंश. कडक ऊन नको.
- उथळ भांड्यात क्लोरीन काढलेलं पाणी. हा कातडीतूनच पाणी शोषतो, त्यामुळे घाण पाणी थेट अंगात भिनतं.
- गांडुळं, रातकिडे हा मुख्य आहार. त्यावर अधूनमधून कॅल्शियमची पावडर, नाहीतर हाडं ठिसूळ होतात.
- हाताळणं शक्यतो टाळाच. हाताळलंच तर आधी स्वच्छ, ओल्या हातांनी, नंतर साबणाने हात धुऊन.

टँक कोरडा पडला तर एक अजब प्रकार दिसतो. बेडूक गळालेल्या कातडीचे थर अंगावर तसेच ठेवून कोष करतो आणि निपचित पडतो. मालकाला वाटतं, गेला! प्रत्यक्षात तो पावसाची वाट बघत असतो. ओल मिळाली की कोष फाडून बाहेर येतो.

आपल्याकडे काय?

परदेशी प्राणी बाहेरून आणायला परवाना आणि क्वारंटाइनची कागदपत्रं लागतात. बँकॉकहून बॅगेत कोंबून आणलेले प्राणी मुंबई, चेन्नईच्या विमानतळांवर अनेकदा पकडले गेलेत. म्हणून विकणारा कितीही गोड बोलला तरी आधी कागद बघा. आणि कंटाळा आला म्हणून त्याला नाल्यात सोडणं तर अजिबात नाही. बेडकांच्या व्यापारातून पसरलेल्या कायट्रिड बुरशीने जगभरात सुमारे ९० जाती संपल्याचा अंदाज २०१९ साली मांडला गेला. सह्याद्रीत जगात इतर कुठेही न सापडणारे कितीतरी बेडूक आहेत. त्यांच्या वाटेला हे यायला नको.

राहता राहिला प्रेमाचा प्रश्न. हा तुम्हाला ओळखणार नाही. हात जवळ नेलात तर अंग फुगवेल, किंचाळेल किंवा बोटालाच घास समजेल. बदल्यात नीट सांभाळलात तर १० ते १५ वर्षं जगेल. आज तुम्ही २७ चे असाल, तर त्याच्या म्हातारपणी तुम्ही चाळिशीत असाल. मधल्या काळात नोकरी बदलेल, लग्न होईल, घर बदलेल, कदाचित ऑनसाइट जावं लागेल. तेव्हा फ्रीजमधल्या गांडुळांचा डबा कोण उघडणार, हे घरच्यांशी आधीच बोलून घ्या. विशेषतः ज्यांचा तो फ्रीज आहे त्यांच्याशी!