विशेषगृहातून सुटलेल्या मुलाचे पुनर्वसन

अल्पवयात हातून गुन्हा घडलेल्या मुलास बाल न्याय मंडळाने विशेषगृहात पाठविले, तरी ती रवानगी दंडासाठी नसून सुधारणेसाठी असते आणि तिची मुदत तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही, ही गोष्ट आपल्या समाजात अद्याप पुरेशी रुजलेली नाही. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमापासून चालत आलेला हा विचार २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने अधिक विस्तृत केला. मुलगा घरी परतण्यापूर्वीच परिविक्षा अधिकाऱ्याने त्याच्या कुटुंबाची स्थिती पाहून, शाळेत पुन्हा नाव घालावयाचे की एखाद्या कारखान्यात उमेदवारी मिळवून द्यावयाची, याची तजवीज करावी आणि सुटकेनंतरही विचारपूस चालू ठेवावी, अशी अपेक्षा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या निराधार युवकास अनुरक्षणगृहाचा आश्रय साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतो.

तथापि खरी अडचण येते ती दाखल्यापाशी. नोकरीसाठी पोलीस ठाण्यात चारित्र्याच्या दाखल्याचा अर्ज केला असता, निकालात निघालेल्या बालपणीच्या प्रकरणाची नोंद उघड करण्यास कलम ७४ मनाई करते. तसेच, सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा खटला बाल न्यायालयाने प्रौढाप्रमाणे चालविला असेल त्याचा अपवाद वगळता, कलम २४ अन्वये दोषसिद्धीची कोणतीही अपात्रता त्यास चिकटत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर सामान्यतः दप्तरही नष्ट करावयाचे असते.

कायद्याने जे पुसले, ते आपण चावडीवर पुन्हा उगाळू नये. मुख्याध्यापकांनी त्यास वर्गात आणि मालकांनी कामावर घ्यावे, एवढीच विनंती.